नवी डिस्क दिसेना

२००१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. चाळीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कपाटाशेजारी एक जुना, वापरलेला कॉम्प्युटर होता. थोरली मुलगी त्यावर टायपिंगची कामे घेई. घरखर्चाला तेवढाच हातभार. त्याची २ जीबीची हार्ड डिस्क भरत आली. भिशी लागली तशी आम्ही उभयतांनी लॅमिंग्टन रोड गाठला आणि ४० जीबीची डिस्क आणली.

रात्री जेवणे उरकल्यावर डबा उघडला. एकाच चपट्या केबलवर दोन्ही डिस्क जोडून बटण दाबले. नवी दिसेना, आणि जुनीही दिसेना! पोरीचा चेहरा उतरला. एका विद्यार्थ्याचा सव्वाशे पानी प्रबंध जुन्या डिस्कवर होता, दोन दिवसांत द्यायचा होता. नवी काढून ठेवली तेव्हा जुनी जागी झाली. आधी तिने प्रबंध फ्लॉपीवर उतरवून घेतला, मगच आम्ही पुढे हात लावला.

एका केबलवर दोन डिस्क असल्या की एक मास्टर, दुसरी स्लेव्ह असे ठरवून द्यावे लागते. (ही नावे कोणाला सुचली कोण जाणे, आम्हाला ती खटकलीच.) डिस्कच्या मागच्या पिनांवर बसणारा इवलासा जंपर हे ठरवतो. आमच्या दोन्ही डिस्क मास्टर होत्या. बदलताना जंपर निसटून खाटेखाली गेला, तो बॅटरी लावून शोधला.

एवढे करून कॉम्प्युटर डिस्क शोधता शोधता गोठूनच बसला. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड बदला." म्हणजे आणखी एक भिशी! पण पोरीने पडद्याच्या तळाशी बायोसची तारीख वाचली, १९९७ ची. आणि डिस्कवरच्या लेबलात ३२ जीबीपुरता वेगळा जंपर दाखवला होता.

गोम तिथेच होती. त्या काळच्या कित्येक बायोसना ६५,५३५ पेक्षा जास्त सिलिंडर मोजता येत नसत, म्हणजे ३३.८ जीबीच्या पुढे हिशेब चुके आणि मशीन अडकून पडे. लेबलाप्रमाणे जंपर लावला, तर डिस्क लगेच दिसली. सहा जीबी हातचे गेले याची रुखरुख लागली, पण मदरबोर्डचे पैसे वाचले. फॉरमॅट करण्यापूर्वी कोणती डिस्क निवडली आहे, हे तिघांनी तीनदा वाचले.

अलीकडे नातवाने त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी जोडली. बायोसमध्ये दिसते, विंडोजमध्ये नाही! "आजोबा, दुकानात परत देऊ का?" आम्ही त्याच्या आईला हाक मारली. स्वयंपाकघरातूनच ती म्हणाली, "डिस्क मॅनेजमेंट उघड. कोरी डिस्क आधी इनिशियलाइज करावी लागते. आणि आकार बघून निवड रे, जुनीवर बोट ठेवू नकोस."