अठ्ठावन्न पूर्ण

राज्य सरकारी नोकरीत अठ्ठावन्न पूर्ण झाली की शाल, श्रीफळ आणि ‘आता आराम करा’ हा आशीर्वाद मिळतो. निवृत्तीची वर्षं स्वतः जगताना मला त्या आशीर्वादातली खोट जाणवू लागली. खुर्ची गेली की माणूस रिकामा झाला, असं आपण धरूनच चालतो आणि ते रिकामपण भरायला भजनी मंडळ, सहली, नातवंडं सुचवतो. त्यात वाईट काहीच नाही. पण एक हेतू संपला, आता दुसरा शोधा, ही त्यामागची समजूत मला पटेनाशी झाली आहे. टिकणारा हेतू पदात नसतो. तो एखाद्या न सुटलेल्या प्रश्नात असतो. नोकरी, पद, संस्था ही त्या प्रश्नापर्यंत नेणारी वाहनं. वाहन सुटलं तरी ज्याला जायचंच आहे तो पायी निघतो.

हे तपासायला महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं आयुष्य फार सोयीचं आहे, कारण त्यात वळणं भरपूर आणि त्यांच्या सनावळ्याही स्पष्ट. १८९१ साली पहिली पत्नी गेली, त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्याच वर्षी विधवाविवाहाच्या प्रसारासाठी मंडळीही उभी केली. इथवर पाहिलं तर पुनर्विवाह हेच त्यांचं जीवितकार्य वाटेल. पण लग्नाला तयार होणाऱ्या विधवा मूठभर, आणि उरलेल्यांच्या जन्माचं काय, हा प्रश्न तसाच होता. म्हणून १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला, आणि त्यात मुली याव्यात म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवला. ज्या गोष्टीसाठी बहिष्कार सोसला तीच बाजूला सारणं सोपं नसतं. ‘ध्येय एकच धरून बसणं म्हणजे हट्ट, बदलत्या वयात सोडायला शिकावं’ असं जे म्हणतात, त्यांना माझं उत्तर इथे आहे. कर्व्यांनी साधन सोडलं. प्रश्न सोडला असता तर ते साधन सोडवलंच नसतं. प्रश्न नजरेआड झाला की माणूस साधनालाच ध्येय समजून कवटाळून बसतो.

पुढचा क्रमही याच दिशेचा आहे. आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला, कॉलेजातले तास संपवून कर्वे तिथवर पायी जात. १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. मग जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका हाती आली आणि १९१६ मध्ये आपल्याकडेही महिला विद्यापीठ सुरू झालं, विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या असताना. तेव्हा कर्व्यांचं वय होतं अठ्ठावन्न. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ. विधवा, मग सगळ्या स्त्रिया, मग शाळा नसलेली खेडी, मग जातीची विषमता: ज्यांना दार बंद आहे त्यांच्यासाठी ते उघडायचं, हा एकच प्रश्न दर वळणावर रुंद होत गेलेला दिसतो. आयुष्यभराचा आराखडा आधीच तयार होता असं मात्र मी म्हणणार नाही. तसा आराखडा मागे वळून पाहणाऱ्यालाच दिसतो.

‘अहो, ते महर्षी, आम्ही साधी माणसं’ हा आक्षेप ठरलेला. पण कर्व्यांचं रोजचं काम काय होतं? वर्गणीसाठी दारोदार फिरणं, हिशेब ठेवणं, पै-पैची पावती देणं. यातलं असामान्य असं काहीच नाही. कार्यालयात तीस वर्षं फायली हाताळलेल्या माणसाला ज्या अर्जदाराचं काम कायम अडतं तो ठाऊक असतो. शिक्षकाला कोणतं पोर पाढ्यांपाशी अडकतं ते ठाऊक असतं. निवृत्तीने ती माहिती काढून घेतलेली नसते. प्रश्न मोठाच असावा अशी अट कुणी घातलेली नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एकाच्या ध्येयाची किंमत घरातलं दुसरं कुणीतरी मोजतं. कर्व्यांनी आपली विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. संसाराची ओढाताण बाया कर्व्यांच्या, म्हणजे पूर्वीच्या गोदूबाईंच्या, वाट्याला आली. त्यांनी सुईणीचं शिक्षण घेतलं ते हौसेने नव्हे. पुढे संस्थेसाठी त्यांनीही वर्गणी गोळा केली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या त्या बाईला तो प्रश्न नवऱ्याकडून शिकायची गरज नव्हती, तो त्यांनी अंगावर झेललेला होता. तरीही घरच्यांना न विचारता वाहिलेलं आयुष्य पूर्ण निर्दोष ठरत नाही. निवृत्तीनंतर समाजकार्याला निघणाऱ्या पुरुषांनी, मी त्यात आलोच, घरातल्या माणसाची निवृत्ती कधी आहे हे आधी विचारावं. कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ वाचायला घ्याल, तेव्हा बायांचं ‘माझे पुराण’ही शेजारी ठेवा.