उचल नको म्हणून

अर्जातला शेवटचा प्रश्न असा आहे: 'आपल्याला शिष्यवृत्तीची गरज का आहे?' खाली चार ओळींची जागा. रविवारी होस्टेलच्या गच्चीवर बसून मी त्या चार ओळी तीनदा लिहिल्या आणि तीनदा खोडल्या. 'घरची परिस्थिती हलाखीची आहे' हे सगळेच लिहितात. आमच्या घरचं त्या वाक्यात मावत नाही, म्हणून आधी इथे सविस्तर लिहून काढते.

मी बीड जिल्ह्यातली. आई आणि अण्णा मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी एकच कोयता म्हणून मोजतात. हिशेबही एकच, तो अण्णांच्या नावावर. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघायची ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, गावात परतायची. तोवर मी आणि धाकटा भाऊ आजीजवळ. ज्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली, त्या वर्षी आम्हीही त्यांच्याबरोबर कोपीत, तिथल्या झोपडीत, राहिलो. माझी अर्धी चौथी उसाच्या फडात गेली.

पावसाळ्यात टोळी जमवणारा मुकादम घरी येतो आणि येत्या हंगामाचे पैसे आधीच हातावर ठेवतो. ती उचल. आमच्या घरात पैसा येतो तो असा, देणं होऊनच. मग तो तोडून फेडायचा. एक टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरून दिला की साडेतीनशेच्या थोडे वर मिळतात, तेही 2024 च्या जानेवारीत दर 34 टक्क्यांनी वाढला म्हणून. दोघं राबून दिवसाला दीड-दोन टन होतो. आजारपणात एक दिवस चुकला तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपून बाकी राहिली तर ती पुढच्या वर्षावर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वर्षाची मिळकत विचारली तेव्हा अण्णा गडबडले. म्हणाले, "लाखाची उचल घेतलीय साहेब. ती मिळकत धरायची का देणं?" या प्रश्नाचं उत्तर मलाही अजून देता येत नाही.

आईची गर्भाची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. अंगावरून जात होतं, पोटात दुखत होतं. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, काढली नाही तर कॅन्सर होईल. ऑपरेशनचा खर्च मुकादमाकडून घेतला आणि तोही उचलीत धरला गेला. दीड महिन्यात ती पुन्हा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढत होती. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. आमच्या वाड्यात आईसारख्या चौघी आहेत. त्यांच्याकडे बघूनच मला नर्सिंगला यावंसं वाटलं. आणि इथे आल्यावर, ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाला आधी गोळ्यांचा कोर्स देतात, हे पुस्तकात वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसले. आईला त्या गोळ्या कुणी दिल्या होत्या का, हे विचारायला आता फार उशीर झाला होता.

सध्या बी.एस्सी. नर्सिंगचं तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या हंगामात जिल्हा रुग्णालयात गायनॅक वॉर्डला पोस्टिंग होती. रात्री एक मावशी आल्या, रक्तस्राव होत होता. सिस्टरना कॅन्युलासाठी शीर सापडत नव्हती. मी त्यांचा हात हातात घेतला. तळव्याला भेगा, मनगटापर्यंत पाचटाने चिरल्याच्या बारीक बारीक रेघा. अगदी आईचा हात. कोमट पाण्याचा कपडा गुंडाळून मी तो हात पलंगाखाली सोडून धरला, तेव्हा कुठे शीर वर आली. पाचशे मिली सलाईन आठ तासांत द्यायचं होतं. एका मिलीचे वीस थेंब, म्हणजे मिनिटाला एकवीस. मी घड्याळ धरून थेंब मोजत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कव्हा सोडतेत गं मला? खाडा पडायलाय."

सिस्टरना खाडा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. सकाळी राउंडला डॉक्टरांनाही सांगितलं की यांना घरी सोडलं तर या उद्याच फडात जातील. त्यांनी मुक्काम वाढवला आणि नवऱ्याला बोलावून समजावलं.

ते घड्याळ आईने दिलंय. वॉर्डात मोबाईल चालत नाही आणि नाडी मोजायला सेकंदकाटा लागतोच. पहिल्या वर्षी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून आलेले सुटे पैसे तिने पदराच्या गाठीत जपले होते, त्यातून घेतलं. वाढ्याचे पैसे तेवढे बायकांच्या हातात राहतात, बाकी सगळं मुकादमाच्या वहीत.

2024 पासून माझी फी माफ आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भरावं लागत नाही, हा निर्णय झाला त्या दिवशी मी वर्गात रडले होते. पण खोलीचं भाडं आणि मेस मिळून महिन्याला साडेपाच हजार लागतात. सरकारी वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही. उरलेल्या दीड वर्षाचे साधारण लाखभर होतात. एका कोयत्याची एक उचल. पहिल्या दोन वर्षांसाठी अण्णांनी ती घेतलीच. आता पुन्हा घेतली तर आईला पुन्हा फडात जावं लागेल. अण्णा एकटे गेले तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचल अर्धीच. आईची कंबर आता वाकत नाही. मी तिचं बीपी घेते तेव्हा ती हात लपवते, कारण तिला ठाऊक आहे की आकडा बघून मी काय म्हणणार.

चौथ्यांदा लिहिताना त्या जागेत एवढंच लिहिलं: 'माझे वडील दरवर्षी उचल घेतात. या वर्षी ती माझ्या शिक्षणासाठी घेतली जाऊ नये आणि माझ्या आईने ती फेडू नये, म्हणून मला शिष्यवृत्ती हवी आहे.' दोन ओळी रिकाम्या राहिल्या, त्या तशाच ठेवल्या.

काल अण्णांचा फोन आला होता. मुकादम दोनदा येऊन गेलाय. त्यांनी त्याच्याकडे पोळ्यापर्यंतची मुदत मागितली आहे.