हिरड्याची शाई, लोखंडाचे गाव

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी चारेक तासांत दुर्गला पोहोचते आणि लगेच पुढे भिलाई येते. सोव्हिएत रशियाशी 1955 साली करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि इथे सेक्टरा-सेक्टरांचे आखीव गाव वसले. सेक्टर 2 त्यातलाच एक. कामगारांची क्वार्टर्स, अय्यप्पाचे मंदिर आणि छठपूजेला माणसांनी फुलणारा तलाव. चालता चालता मल्याळी, तेलुगू, भोजपुरी, छत्तीसगढी कानांवर पडते, मध्येच आपली मराठीही. पर्यटकाने मुद्दाम वाट वाकडी करावी असे इथे फारसे काही नाही, हे कबूल. पण काळ्या शाईची गोष्ट सांगायला याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही.

काळा म्हटले की पोलादाच्या गावात आधी दगडी कोळसाच डोळ्यांपुढे येतो. शाईचा काळा मात्र वेगळा. तो जन्मतो दोन अशा वस्तूंपासून, ज्या स्वतः मुळीच काळ्या नसतात. पहिली लोखंड. भिलाईचे खनिज येते दक्षिणेकडच्या दल्ली-राजहराच्या खाणींतून आणि ते असते तांबडे. दुसरी हिरडा, इकडे त्याला हर्रा म्हणतात. छत्तीसगडच्या जंगलात जानेवारी ते मार्चच्या सुमारास पिकलेली फळे झाडाखाली पडतात. ती वेचायची, वाळवायची आणि बाजारात न्यायची. सुकल्यावर ती पिवळसर तपकिरी, सुरकुतलेली, आणि चवीला इतकी तुरट की जीभ आवळून येते.

हा तुरटपणा टॅनिनचा. हिरड्याच्या सुक्या गरात ते सुमारे 30 टक्के असते. टॅनिनला लोखंड भेटले आणि हवा लागली की गडद निळसर-काळा रंग तयार होतो. आपल्या स्वयंपाकघरात हे रोज घडते. केळफूल चिरताना विळीचे पाते काळे पडते, लोखंडी कढईत आवळा टाकला की तो काळा होतो. बोटांवरचे ते डाग साबणाला दाद देत नाहीत, हा अनुभव गृहिणींना सांगायला नको!

याच गुणावर जुनी पक्की शाई उभी होती. हिरड्याचा काढा, त्यात हिराकस (हे लोखंडाचेच क्षार) आणि दाटपणासाठी बाभळीचा डिंक. युरोपात हिरड्याच्या जागी ओकच्या झाडावरच्या गाठी वापरत. इंग्लंडात विवाहाच्या नोंदी वर्षानुवर्षे अशाच शाईने लिहिल्या गेल्या, कारण ती कागदात मुरते आणि खोडून काढणे अवघड.

घरी करून पाहायची असेल तर चार-पाच हिरडे कुटून दोन कप पाण्यात निम्मे होईपर्यंत उकळा, गाळा आणि त्यात मूठभर गंजके खिळे टाकून रात्रभर उघडे ठेवा. सकाळी रंग पाहा. लिहायला बोरूच घ्या. फाउंटन पेनात ही शाई चुकूनही भरू नका. ताजी अक्षरे फिकट दिसतात आणि वाळता वाळता गडद होतात. मुले तर हे पाहत बसतील. अंगावर मात्र जुनेच कपडे हवेत.

आता शाईला हिरडा कोण विचारतो? कातडी कमावण्याच्या धंद्यातही क्रोमने त्याची जागा घेतली. त्रिफळा चूर्ण आहे म्हणून, आणि सरकारी आधारभूत किमतीच्या यादीत हर्रा आहे म्हणून, वेचणाऱ्या बायकांच्या टोपलीला अजून गिऱ्हाईक मिळते.

या मुलखाशी आपले नाते कारखान्याहून जुने. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1741 साली छत्तीसगडात उतरल्या, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले, आणि मोडी कागद या प्रांतात आले. 1854 साली राज्य खालसा झाले, तरी मराठी घराणी इथेच राहिली. अशा घरांतून जुने दस्त निघतात तेव्हा अक्षराचा रंग नीट पाहावा. काजळीची शाई शतकांनंतरही काळी कुळकुळीत राहते, पण ती कागदावर नुसती बसलेली असते. ओला हात लागला तर फिसकटते. हिराकसाची शाई कालांतराने तपकिरी होते, अक्षराभोवती पिवळट कडा उमटतात आणि तिच्यातल्या आम्लाने कागद नेमका अक्षरांच्या रेघांवरच चिरतो.

असे कागद ओल्या फडक्याने पुसू नयेत, घड्या घालून ठेवू नयेत आणि गरम करून प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नयेत. कोरड्या जागी, सपाट, स्वच्छ कागदात घालून ठेवावेत. शक्य असेल तर नागपूरच्या पुराभिलेखागारात जाणकारांना दाखवावेत. भिलाईहून ते एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे.