इंजिनांची बोली आणि देशी चाली

देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. किल्लेकोट नाही, शह न बसलेल्या राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते. पलीकडच्या टोकाला पोचलेले प्यादे त्या घरचे मोहरे होते. समोरचा राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे निर्भेळ विजय नव्हे. यातले तपशील गावोगाव बदलत, त्यामुळे साताऱ्याचा खेळाडू सांगलीत पटावर बसला की आधी नियम ठरवणे आले. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 मध्ये सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ काढले. पुढे सांगलीची स्वाती घाटे वुमन ग्रँडमास्टर झाली, ती आंतरराष्ट्रीय नियमांवर. समान नियमांनी जगाशी खेळता आले आणि बुर्जी मागे पडली.

संगणकातल्या बुद्धिबळ-इंजिनांचा वाद याच जातीचा आहे: सगळ्यांची एकच बोली की प्रत्येकाची वेगळी. इंजिन फक्त विचार करते. पट, घड्याळ आणि माऊस दुसऱ्या प्रोग्रॅमकडे असतात. फ्रिट्झसारखी इंजिने पूर्वी आपापल्या कंपनीच्या पटाशीच जोडलेली असत. मोकळा मार्ग होता एक्सबोर्ड या पटाच्या प्रोग्रॅमच्या बोलीचा. त्यात डाव इंजिन स्वतः लक्षात ठेवते, बरोबरीचा प्रस्ताव देते, हार मानते. नोव्हेंबर 2000 मध्ये श्रेडर या इंजिनाचे कर्ते श्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ हूबर यांनी यूसीआय ही पट आणि इंजिन यांच्यातली समान बोली आणली. त्यात पट प्रत्येक वेळी सुरुवातीपासूनच्या सगळ्या चाली सांगतो, इंजिन एक चाल परत देते. पट आणि इंजिन यांच्या डावांत तफावत पडायला जागाच कमी. डावाच्या मध्यावर इंजिन बदलले तरी चालते. नवखा प्रोग्रॅमर एका सुट्टीत एवढे लिहू शकतो, आणि स्टॉकफिश हे इंजिन आज याच बोलीत बोलते.

किंमत मात्र मोजावी लागते. यूसीआयमध्ये 'बरोबरी करू या' म्हणायला शब्दच नाही. हार मानायलाही नाही. असले निर्णय पटाने इंजिनाने दिलेल्या आकड्यांवरून घ्यायचे, म्हणजे खेळाडूचा एक स्वभावगुण कारकुनाकडे गेला. तरीही स्वतंत्र इंटरफेसचा हट्ट महागच पडतो: उत्तम इंजिन एकाच कंपनीच्या पटापुढे अडकून राहते. इंजिनाच्या खास सोयींसाठी यूसीआयने 'सेटऑप्शन' ठेवले आहे. तेवढी मोकळीक बहुतेकांना पुरते.

या तुटपुंज्या बोलीत देशी डाव मावतो का? चाली मावतात. यूसीआय चाल 'या घरातून त्या घरात' एवढीच लिहिते, त्यामुळे राजाची उडी 'ई1एफ3' अशी सहज उतरते. प्यादे वजीर झाले की घोडा, तेही शेवटच्या एका अक्षराने कळते. कंबोडियाच्या बुद्धिबळातही राजाला अशीच एकदा उडी आहे आणि फेअरी-स्टॉकफिश हे इंजिन तो खेळ खेळते. अडते ते बुर्जीपाशी. डावाचा निकाल सांगणे हे यूसीआयने इंजिनाकडे ठेवलेलेच नाही, म्हणून बुर्जी पटाच्या प्रोग्रॅमला वेगळी शिकवावी लागते. आणि इंजिनालाही, नाहीतर ते शेवटचे मोहरे बिनदिक्कत मारून मोकळे होईल.