दोन रकान्यांची मराठी

मराठी पत्रकारितेचा इतिहास शिकवताना ६ जानेवारी १८३२ ही तारीख विद्यार्थी चटकन पाठ करतात. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' त्या दिवशी मुंबईत निघाले, हेही त्यांना ठाऊक असते. मात्र या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे निम्मे पान इंग्रजी होते, असे सांगितले की वर्गात चुळबुळ सुरू होते. रहिमतपूरच्या पंचक्रोशीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मागे विचारले, "सर, मग ते मराठीतलं पहिलं कसं?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका तासिकेत मावणारे नव्हते.

'दर्पण'चे पान दोन उभ्या रकान्यांचे : एकात इंग्रजी, शेजारी मराठी. आरंभी पाक्षिक, ४ मे १८३२ पासून साप्ताहिक, आणि १८४० मध्ये बंद. साडेआठ वर्षांच्या या काळात विशीतल्या जांभेकरांनी एकाच वेळी दोन वाचक सांभाळले. देशबांधवांना नव्या विद्यांची ओळख करून द्यायची आणि राज्यकर्त्यांच्या कानावर एतद्देशीयांचे मत घालायचे, असा हा दुहेरी व्यवहार होता. 

साम्राज्याच्या प्रांतात सत्तेच्या भाषेतले वृत्तपत्र, हा प्रकार अन्यत्रही आढळतो. ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या प्राग शहरात १८७६ साली 'प्रागर टागब्लाट' हे जर्मन दैनिक निघाले. सभोवती चेक भाषा वाढत होती, साम्राज्य १९१८ मध्ये लयाला गेले, तरी ते १९३९ पर्यंत टिकले. काफ्काचे प्राग ते हेच. पण त्या पत्राच्या वाचकांची घरची भाषाच जर्मन होती. आपल्याकडे इंग्रजी रकाना लिहिणाऱ्याच्या घरात इंग्रजी नव्हती. ती त्याने कमावली होती, आणि ज्या हाताने कमावली त्याच हाताने तो शेजारचे मराठी गद्य घडवत होता. मराठीतली विरामचिन्हेसुद्धा मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून रुळली, हे येथे आठवावे. मराठी वाक्याचा श्वास कोठे थांबावा, हेही आपण काही अंशी परक्या वाक्याकडून शिकलो.

पुढे हे रकाने कधी जवळ आले, कधी दूर गेले. १८४१ चे भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' मराठीतच निघाले आणि १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे त्यात आली. १८८१ मध्ये रकान्यांची दोन स्वतंत्र पत्रे झाली : मराठी 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा'. १८८८ मध्ये आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या टेंभूच्या आगरकरांनी 'सुधारक' काढले, तेव्हा रकाने पुन्हा एकत्र आले. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे होती.

हे दोन रकाने समान वजनाचे मात्र कधीच नव्हते. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा देशी भाषांतल्या पत्रांनाच लागू होता, इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती. म्हणजे तोच विचार एका रकान्यात मत ठरे आणि दुसऱ्यात अपराध. १९०८ च्या खटल्यात तर 'केसरी'तले लेख न्यायालयापुढे आले ते इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. भाषांतराने मूळ शब्दांचा अर्थ बिघडवला आहे, असे टिळक परोपरीने मांडत राहिले. नऊ ज्युरींत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. सातांनी दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. मराठी वाक्याचा निवाडा मराठी न जाणणाऱ्यांनी केला. भाषांतर हा विषय शिकवताना मी सिद्धान्ताआधी हे उदाहरण सांगतो. शब्दाला किती किंमत मोजावी लागते, ते त्यातून उमगते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला. पण माझी मुलगी सेमी-इंग्रजी वर्गात शिकते. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, उरलेले मराठीत. तिचे दप्तर म्हणजे 'दर्पण'चे पानच आहे. फरक एवढाच की जांभेकरांच्या पानावर जो विषय इंग्रजीत, तोच मराठीतही असे. तिच्या दप्तरात विषयांची वाटणी झाली आहे : हिशेब आणि प्रयोग एका भाषेत, कविता आणि सणवार दुसरीत. एक अख्खे ज्ञानक्षेत्र मराठीत उच्चारण्याचा प्रसंगच तिच्यावर येत नाही. चिंता वाटते ती याची. इंग्रजीच्या शेजाराची नव्हे, तो तर पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा आहे.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला मी आज असे उत्तर देईन : 'दर्पण' मराठीतले पहिले ठरते, कारण इंग्रजीत सांगितलेली गोष्ट मराठीत सांगता येणार नाही, असे त्याने एकाही विषयापुरते मानले नाही. शेजारचा रकाना कितीही भरगच्च असो, आपला रकाना कोरा ठेवायचा नाही, एवढी त्याची प्रतिज्ञा होती. मराठीच्या वर्गात बसणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना याहून वेगळी प्रतिज्ञा शोधण्याची गरज नाही.