सिंदखेडराजाच्या मागच्या भिंती

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा म्हटले की लखुजीराव जाधवांचा राजवाडा डोळ्यांपुढे येतो. जिजाऊंचा जन्म इथला, १२ जानेवारी १५९८ चा. त्या दिवशी दरवर्षी वाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते आणि दरवाजाचे फोटो घरोघरी जातात. आम्ही मात्र एका साध्या रविवारी जालन्याहून एस.टी.ने मुलाबाळांसह गेलो. ज्या वास्तूंकडे गर्दी वळतच नाही, त्यांचे फोटो आम्हाला हवे होते.

काळाकोट पाहून मुले गप्पच झाली. एवढ्या जाड, उंच भिंती! भर दुपारी हा काळा दगड सपाट दिसतो. उन्हे कलली की टाकीचे घाव उठून दिसतात. म्हणून चार वाजेपर्यंत थांबलो. पाथरवटांची नावे कुठे सापडली नाहीत, घाव तेवढे सापडले.

पुतळा बारवेत भिंतींवर दगडी पुतळे आहेत, त्यावरूनच हे नाव. धाकटीने विचारले, "पूर्वी आपल्याला इथं उतरू दिलं असतं का?" गावोगावच्या पाणवठ्यांवर आपल्या लोकांचे काय होत असे, ते तिला तिथेच पायरीवर बसून सांगितले. फोटोत हे येत नाही. म्हणून वहीत लिहून ठेवले.

लखुजीराव १६२९ साली देवगिरीवर मारले गेले. त्यांची समाधी इथेच आहे. २०२४ मध्ये तिच्या डागडुजीच्या वेळी पुरातत्त्व खात्याला जमिनीत जुन्या मंदिराचा पाया आणि १.७० मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. पायाखाली काय आहे कोण जाणे! तेव्हा ढासळलेला दगडही जागचा हलवू नये, भिंतीवर खडूसुद्धा लावू नये. केंद्राच्या संरक्षित वास्तूला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे.

आम्ही प्रत्येक भिंतीचा एक फोटो लांबून घेतला, एक जवळून, शेजारी मुलाची फूटपट्टी धरून. मोबाइलमधले फोटो हरवतात, म्हणून स्टुडिओतून छापून घेतले. मागे तारीख आणि उभे राहिलो ती जागा लिहिली. पुढच्या वर्षी तिथूनच घेतला की भेग वाढली का ते कळेल.

आता साखरखेर्डा पाहायचा आहे. १७२४ साली निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाला हरवले ते तिथेच.