सेल्मा ते माँटगोमेरी : चौपन्न मैल

अलाबामा नदीवरचा एडमंड पेटस पूल मधोमध उचललेला आहे. सेल्मा गावाकडून चढू लागलं की पलीकडचा काठ दिसत नाही, तो दिसतो माथ्यावर पोचल्यावर. 7 मार्च 1965 ला मताधिकारासाठी माँटगोमेरीला निघालेल्या सुमारे सहाशे मोर्चेकऱ्यांना पोलिसांची फळी दिसली ती तिथूनच, आणि पुढचे लाठ्यांचे नि अश्रुधुराचे प्रसंग सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिले. पेटस हा गुलामगिरी राखण्यासाठी लढलेला सेनानी, पुढे सिनेटर आणि कू क्लक्स क्लान या गोऱ्या वंशद्वेष्ट्या संघटनेचा अलाबामातला म्होरक्या. पुलाला नाव अजून त्याचंच आहे. मला मात्र या पुलावरून निघताना आदला दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. 6 मार्चला अलाबामातलेच सत्तरेक गोरे स्त्री-पुरुष, बर्मिंगहॅमचे ल्यूथरन पाद्री जोसेफ एलवँगर यांच्यासह, काळ्यांच्या मताधिकारासाठी सेल्माच्या कोर्टापर्यंत चालत गेले आणि गावातल्या गोऱ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या अशाच सज्जनांना. काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी ते झिजले म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. तेव्हा गोऱ्या माणसाने वंशद्वेषाशी झगडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि काळ्या माणसाशी त्याचं नातं खरं कधी ठरतं, हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. या चौपन्न मैलांवर जे दिसतं त्यावरून माझं मत असं झालं आहे की, मन चांगलं असणं इथे फारसं उपयोगी पडलं नाही. ज्याने आपल्याच लोकांतलं स्थान पणाला लावलं, आणि पुढारपण काळ्यांकडे आहे हे मान्य केलं, त्याचंच नातं टिकलं.

सेल्मात ब्राउन चॅपल या चर्चला लागून विटांच्या इमारतींची सरकारी वस्ती आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेला ओ देऊन देशभरातून शेकडो गोरे धर्मोपदेशक इथे आले आणि बहुतेक जण आठवड्याभरात परतले. जोनाथन डॅनियल्स हा ईशान्येकडच्या न्यू हॅम्पशायरमधला धर्मशास्त्राचा विद्यार्थी मात्र मोर्च्यानंतरही सेल्मात राहिला, आणि राहिला तो काळ्या कुटुंबाच्या घरी. पण त्याहून मोलाचं वाटतं ते त्याने भांडण कुठे नेलं हे. सोबतच्या काळ्या मुलांना घेऊन तो गावातल्या सेंट पॉल्स चर्चमध्ये जाऊन बसू लागला. हे त्याच्याच एपिस्कोपल पंथाचं, गोऱ्यांचं चर्च. काळ्या यजमानांच्या घरी जेवणं सोपं असतं. आपल्या पंगतीत त्यांच्यासाठी पाट मांडायला लावणं अवघड, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. यावर एक आक्षेप आहे, आणि तो याच गावातला आहे. फेब्रुवारी 1965 मध्ये जवळच्या मॅरियनमध्ये जिमी ली जॅक्सन या काळ्या तरुणाला पोलिसाने गोळी घातली. तो गेला तेव्हा देश हलला नाही. 9 मार्चला बॉस्टनहून आलेले गोरे पाद्री जेम्स रीब यांच्यावर सेल्माच्या रस्त्यात हल्ला झाला, दोन दिवसांनी ते वारले, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा फोन त्यांच्या पत्नीला गेला. जॅक्सनच्या आईला कुणाचा फोन गेला नाही. म्हणजे गोऱ्याच्या त्यागाचं मोलसुद्धा वंशद्वेषच ठरवतो, मग असल्या कथा सांगाव्यात कशाला? आक्षेप खरा आहे. माझं उत्तर एवढंच की त्यामुळे रीब यांचं येणं खोटं ठरत नाही, पण रीब यांची गोष्ट जॅक्सनला वगळून सांगणं खोटं ठरतं.

सेल्मा सोडलं की महामार्ग 80 लाउन्डेस काउंटीत शिरतो. गुरांची कुरणं, मधूनच दलदल, झाडांवरून लोंबणारं करडं शेवाळ. वस्तीत पाचातले चार जण काळे, आणि 1965 उजाडलं तेव्हा मतदारयादीत एकही काळा नाही. रस्त्याकडेच्या टेकाडावर लोखंडी कठड्याच्या आत व्हायोला लिउझो यांच्या स्मृतीचा दगड आहे. डेट्रॉइटच्या, एकोणचाळीस वर्षांच्या, पाच मुलांच्या आई. 25 मार्चच्या रात्री, पुन्हा निघालेला मोर्चा माँटगोमेरीला पोचल्यावर, लेरॉय मोटन या काळ्या तरुण कार्यकर्त्याबरोबर गाडीने जाताना क्लानच्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. मोटन मेल्याचं सोंग घेऊन वाचला. मारेकऱ्यांच्या मोटारीत एफबीआयचा एक खबऱ्याही होता, आणि खुनानंतर एफबीआयनेच लिउझो यांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. दगडावर कुणीतरी बंडखोर दक्षिणेचा झेंडाही रंगवून गेलं होतं. डेट्रॉइटमधल्या सेरा इव्हान्स या काळ्या स्त्रीशी लिउझो यांची जुनी मैत्री होती. आई गेल्यावर मुलांना सांभाळलं ते इव्हान्स यांनीच. इव्हान्स त्यांच्या घरी कामालाही होत्या, ही गाठ लपवण्यात अर्थ नाही. विषम समाजातली मैत्री अशा गाठींसकटच असते.

याच काउंटीत 1966 मध्ये काळ्यांनी स्वतःचा पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी इथेही निवडणूक चिन्हं असत. नव्या पक्षाने काळा बिबट्या, म्हणजे ब्लॅक पँथर, घेतला. तो त्याच वर्षी ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाकडे गेला, आणि तिथून 1972 मध्ये मुंबईच्या दलित पँथरकडे. पण इथे काम करणाऱ्या विद्यार्थी संघटनेने 1966 च्या डिसेंबरमध्ये गोऱ्या सदस्यांना बाहेर काढण्याचा ठराव केला. मग अशी नाती मुळात अशक्यच होती, असं म्हणणारे बरेच आहेत. मला तसं वाटत नाही. गोऱ्यांना सांगितलं गेलं ते असं की तुमच्या लोकांत जा, कारण वंशद्वेष तिथे राहतो. दुखावलेल्या अनेकांना ती हकालपट्टी वाटली. पण डॅनियल्स सेंट पॉल्समध्ये आणि एलवँगर सेल्माच्या कोर्टासमोर हेच करत नव्हते का? 20 ऑगस्ट 1965 ला, इथून थोड्याच अंतरावरच्या हेनेव्हिलमध्ये, एका दुकानाच्या दारात रूबी सेल्स या सतरा वर्षांच्या काळ्या मुलीला बाजूला ढकलून डॅनियल्सने गोळी आपल्या अंगावर घेतली. हेनेव्हिलच्या कोर्टात फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीने मारेकऱ्याला निर्दोष सोडलं.

मग जीव द्यावा तेव्हाच नातं खरं का? या प्रश्नाचं उत्तर रस्त्याच्या शेवटी, माँटगोमेरीत मिळतं. 1955-56 मधला काळ्यांचा इथला बस-बहिष्कार 381 दिवस चालला. महापौरांनी गोऱ्या बायकांना बजावलं की मोलकरणींना गाडीतून आणणं-पोचवणं बंद करा. पुष्कळजणींनी ते ऐकलं नाही, कारण घरातली कामं कोण करणार? बहिष्काराला त्यांचा हातभार लागला हे खरं. पण याला एकजूट म्हणणं भाबडेपणाचं होईल. रोजची जवळीक दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या होती. काळ्या दाईच्या मांडीवर वाढलेल्यांनीच वेगळ्या बाकांचे कायदे केले. रॉबर्ट ग्रेट्झ यांचं वेगळेपण यात आहे. काळ्या मंडळींच्या चर्चचे हे गोरे पाद्री, जिच्या अटकेतून बहिष्कार पेटला ती रोझा पार्क्स त्यांची शेजारीण. बहिष्कार सुरू झाला तेव्हा त्यांनी नेतृत्व मागितलं नाही, सकाळी स्वतःची गाडी काढून माणसं कामावर पोचवली. त्यांच्या घरावर ऑगस्ट 1956 मध्ये बॉम्ब पडला, जानेवारी 1957 मध्ये पुन्हा. म्हातारपणी ते याच शहरात राहायला आले आणि 2020 मध्ये इथेच वारले.

ज्युलिएट मॉर्गन यांच्याजवळ तर गाडीचाही आधार नव्हता, आणि चारचौघांत धीटपणाही फारसा नव्हता. ही गोरी ग्रंथपाल बसनेच जायची आणि ड्रायव्हरची काळ्यांशी वागणूक रोज पाहायची. बहिष्कार सुरू होऊन आठवडाच झाला असताना, 12 डिसेंबर 1955 ला, शहरातल्या दैनिकात तिचं पत्र छापून आलं. त्यात तिने या पायी चालणाऱ्यांची तुलना गांधींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. त्यानंतर धमक्या आल्या, फोन आले, ओळखीचे दुरावले, महापौरांनी तिला काढून टाकायला सांगितलं. शहरातले किती गोरे मनातून तिच्या बाजूचे होते कोण जाणे. जे होते त्यांनी ते मनातच ठेवलं. जुलै 1957 मध्ये तिने राजीनामा दिला आणि आयुष्य संपवलं. पाच वर्षांनी कोर्टाच्या हुकुमामुळे शहराचं वाचनालय काळ्यांना खुलं करावं लागलं, तेव्हा काळे-गोरे शेजारी बसू नयेत म्हणून खुर्च्या उचलून नेल्या होत्या. 2005 मध्ये त्या वाचनालयाला ज्युलिएट मॉर्गनचं नाव देण्यात आलं.